नवगावापासून तेल अवीव किती लांब?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



वर्धापनदिनाला पाककृती, आरोग्य किंवा बालसंगोपन असा एखादा विषय घ्यावा, ही आपली जुनी रीत. यंदा चिटणीसबाई मला म्हणाल्या, "बाई, तुम्ही जन्मभर शाळेत भूगोल शिकविलात. तेव्हा भूगोलावरच बोला. मात्र ऐकणाऱ्यांना झोप येईल असे बोलू नका." पहिली अट सोपी आहे. दुसरी पाळली गेली की नाही, हे आपण चहाच्या वेळी सांगालच.

मी विषय निवडला तो अगदी साधा आहे. दोन गावे एकमेकींपासून किती लांब आहेत, हे सांगायचे कसे? मुले शाळेत विचारीत तेव्हा मी म्हणत असे, पट्टी घ्या, नकाशा घ्या आणि मोजा. परंतु आपण बायका प्रवासाला निघतो तेव्हा पट्टी घेऊन निघत नाही. आपण विचारतो, "पोचायला किती वेळ लागेल?" अंतर आणि वेळ ही दोन निराळी मापे आहेत. त्यांचे एकमेकांशी नेहमीच जमते असे नाही, आणि का जमत नाही ते आज पाहायचे आहे.

लांब कशाला जायचे? आपले रेवस घ्या. रेवसच्या धक्क्यावर उभे राहिले की धरमतरच्या खाडीपलीकडे करंजा डोळ्यांना दिसतो. लाँचमध्ये बसले की पंधरा-वीस मिनिटांत माणूस पलीकडे. तेच जमिनीवरून जाऊ म्हटले, तर वडखळ-पेण करीत उरणला वळसा घालायचा, त्यात दोन तास तरी जातात. मांडवा आणि गेटवे यांचेही तसेच. समुद्रातून सुमारे तासाभराचा प्रवास. पण पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद झाल्या की तीच मुंबई पेण-पनवेलमार्गे तीन तासांवर जाते. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी नेणारी रो-रो बोट सुरू झाली, तेव्हा मुंबई पुन्हा थोडी जवळ आली. या सगळ्यांत मुंबई एक वीतभरही हलली नाही. हलली ती वाट. कधी उघडली, कधी मिटली. एवढे ध्यानात ठेवा, कारण पुढे मी जे सांगणार आहे ते याच गोष्टीचे मोठे रूप आहे.

आता दुसरे गाव घेऊ. मी तेल अवीव निवडले आहे. आपल्यापैकी अनेकींना त्याचे कारण सांगावे लागणार नाही. अलिबागेत इस्रायल आळी आहे, तेथे १८४८ साली स्थापन झालेले आणि १९१० साली नव्याने बांधलेले सिनेगॉग आहे. रेवदंड्याला आहे, पेणला आहे, पनवेलला आहे. आपल्या जिल्ह्यातले हे बेने इस्रायल लोक तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' असे नाव दिले. त्यांची आडनावे पाहिली की आपल्याच तालुक्यांचा नकाशा उलगडतो. किहीमचे किहीमकर, नवगावचे नवगावकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, दिव्याचे दिवेकर, चौलचे चौलकर, झिराडचे झिराडकर. त्यांच्या परंपरेत असे सांगतात की, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि बुडालेल्यांना नवगावलाच मूठमाती मिळाली. तेथे त्यांचे दफनस्थान आणि स्मारक आहे.

१९४८ साली इस्रायलचे राज्य झाले आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत यांतली बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. काहींना तेथे करमले नाही. पहिल्याच काही वर्षांत थोडी माणसे परतलीही, आणि पुढे पुन्हा गेली. आज तेथील भारतीय वंशाच्या ज्यूंची संख्या ८५ हजारांच्या आसपास सांगतात, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा आपल्या या मराठी बोलणाऱ्यांचा आहे. दिमोना, अश्दोद, लोद, रामले, बीरशेबा या गावांत आजही म्हाताऱ्या बायका एकमेकींशी मराठीत बोलतात. तेव्हा नवगावापासून तेल अवीव किती लांब, हा प्रश्न परीक्षेतला नाही. तो शेजारणीचा प्रश्न आहे.

आता मोजू या. घरी मुलांचा पृथ्वीगोल असेल तर संध्याकाळी हा प्रयोग जरूर करा. शिवणाचा दोरा घ्या. त्याचे एक टोक मुंबईवर धरा, दुसरे तेल अवीववर, आणि दोरा ताणा. दोरा ताणला की तो आपोआप सर्वांत जवळची वाट धरतो. भिंतीवरच्या सपाट नकाशात पट्टीने रेघ ओढली तर ती थोडी निराळी येते. पृथ्वी गोल असल्यामुळे दोरा त्या रेघेपेक्षा काहीसा उत्तरेकडून जातो. हा दोरा मापला तर सुमारे ४,०५० किलोमीटर, म्हणजे जुन्या हिशेबाने अडीच हजार मैल भरतात. गंमत अशी की दिल्लीपासून मोजले तरी आकडा जवळजवळ तोच येतो. दिल्ली उत्तरेला आहे, म्हणून ती तेल अवीवला पुष्कळच जवळ असेल असे वाटते. पण ती पूर्वेलाही सरकलेली आहे, आणि हिशेब बरोबरीत सुटतो.

दोरा कोठून जातो तेही बोटाने पाहा. मुंबईहून निघून अरबी समुद्र, मग ओमानचे आखात, होर्मुझची सामुद्रधुनी, इराणचे आखात, सौदी अरेबियाचा उत्तरेकडचा भाग, जॉर्डन, आणि तेल अवीव. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनकडच्या किती घरांतले कर्ते पुरुष कुवेतला, दुबईला, बहारीनला नोकरीला आहेत! आपला दोरा त्यांच्या अंगावरूनच गेला म्हणायचे. किनाऱ्यावरच्या दोन शेजारघरांतली माणसे एकाच दोऱ्यावर ओवलेली आहेत, मात्र एकमेकांच्या देशात त्यांना फार वर्षे सहज जाता येत नव्हते.

प्रवासी विमान तासाला साधारण ८५० किलोमीटर जाते. चढण्या-उतरण्याचा वेळ धरून ४,०५० किलोमीटरांना साडेपाच-सहा तास पुरेत. हे झाले गणिताचे उत्तर. परंतु कितीतरी वर्षे हे उत्तर चुकीचे होते, कारण दोऱ्याच्या वाटेवरच्या देशांनी आपले आकाश इस्रायलला जाणाऱ्या विमानांना बंद ठेवले होते. भगिनींनो, जमिनीवर जशी शीव असते तशी आकाशातही असते. ज्या देशाची जमीन, त्याचे वरचे आकाश, असा नियम आहे, आणि परवानगीवाचून तेथून विमान नेता येत नाही.

म्हणून एल अल या इस्रायली कंपनीचे मुंबईचे विमान काय करी, ते ऐका. तेल अवीवहून निघून ते तांबड्या समुद्रावरून थेट दक्षिणेला जाई, बाब-एल-मंडेबपाशी वळे, एडनच्या आखातावरून बाहेर पडे आणि मग अरबी समुद्र ओलांडून मुंबईला येई. हीच वाट दोऱ्याने मापली तर सुमारे साडेपाच हजार किलोमीटर भरते. म्हणजे दीड हजार किलोमीटरांचा वळसा, आणि प्रवास साडेसात-आठ तासांचा. करंजा समोर दिसत असताना वडखळला जाण्यातला हा प्रकार!

आणि ही वाट नीट पाहिली तर ती नवी नाही. दोन हजार वर्षांपूर्वी मिसर देशाच्या तांबड्या समुद्रावरच्या बंदरांतून व्यापारी गलबते जुलैच्या सुमारास निघत, बाब-एल-मंडेबमधून बाहेर पडत आणि नैर्ऋत्येच्या मोसमी वाऱ्यावर शीड सोडून हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागत. त्या काळच्या एका ग्रीक नाविकाच्या पुस्तकात आपल्या किनाऱ्यावरच्या ज्या बंदराचे नाव येते, ते आपले चौल होय असे अभ्यासक मानतात. बाब-एल-मंडेबजवळून केरळच्या किनाऱ्यापर्यंत ४० दिवस लागतात, असे रोमचा प्लिनी लिहून गेला आहे. नवगावला फुटलेले गलबत कोणत्या वाटेने आले होते हे कोणी लिहून ठेवलेले नाही, परंतु तिकडून इकडे येण्याची मळलेली वाट हीच होती. ४० दिवसांचे आठ तास झाले, वाट मात्र तीच राहिली. शिडाला वाऱ्याची अडचण होती, विमानाला राजकारणाची.

ही दारे उघडली कशी, हे थोडक्यात सांगते. भारताने १७ सप्टेंबर १९५० रोजी इस्रायलला मान्यता दिली. पण दोन्ही देशांचे पूर्ण राजनैतिक संबंध २९ जानेवारी १९९२ रोजी जुळले. मध्ये एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ गेला. २२ मार्च २०१८ रोजी एअर इंडियाचे दिल्ली-तेल अवीव विमान सौदी अरेबियाच्या आकाशातून पहिल्यांदा गेले, आणि दोन तासांची बचत झाली. सौदीने ही परवानगी भारतीय कंपनीला दिली होती. एल अलला ती नव्हती. त्यावरून एल अलने आपल्याच देशाच्या न्यायालयात धाव घेतली होती. पुढे १५ जुलै २०२२ रोजी सौदीने सर्वच देशांच्या विमानांना आपले आकाश मोकळे केल्याचे जाहीर केले. तरी इस्रायली विमानाला पूर्वेकडे बाहेर पडायला ओमानचे दार लागे. ते २३ फेब्रुवारी २०२३ रोजी उघडले, आणि आपला शिवणाचा दोरा पहिल्यांदा खऱ्या अर्थाने आकाशात ताणला गेला.

दार उघडले म्हणजे ते उघडेच राहते, असे मात्र समजू नका. ऑक्टोबर २०२३ पासून तिकडे युद्ध पेटले, आणि विमाने कधी बंद, कधी सुरू, असे होऊ लागले. ४ मे २०२५ रोजी तेल अवीवच्या विमानतळाजवळ क्षेपणास्त्र पडले, तेव्हा दिल्लीहून तेथे निघालेले एअर इंडियाचे विमान अबू धाबीला वळवावे लागले. जून २०२५ मध्ये इस्रायल आणि इराण यांच्यात युद्ध झाले, त्या दिवसांत त्या सगळ्या टापूतले आकाश मिटले. अशा वेळी ४,०५० किलोमीटर या आकड्याला काही अर्थ उरत नाही. युद्धाने कोणाचे काय साधते ते मोठी माणसे जाणोत. दोन्हीकडच्या आयांची वाट तेवढी लांबते, हे आपल्याला कळते.

आता वारा आणि घड्याळ, या दोन गोष्टी सांगते. आपल्या डोक्यावर दहा-बारा किलोमीटर उंचीवर, विशेषतः थंडीच्या दिवसांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. म्हणून तेल अवीवला जाताना विमान वाऱ्याला तोंड देते आणि परतताना वारा पाठीशी घेते. जाण्याचा वेळ जास्त आणि येण्याचा कमी, तो यामुळे. माहेरी येणारीचे पाय लवकर उचलतात म्हणतात ना, तसेच हे.

घड्याळाचे असे आहे. आपले घड्याळ तेथल्यापेक्षा थंडीत साडेतीन तास पुढे असते. उन्हाळ्यात तेथले लोक घड्याळ एक तास पुढे करतात, तेव्हा फरक अडीच तासांचा राहतो. समजा, हिवाळ्यात विमान मुंबईहून सकाळी ६ वाजता निघाले आणि आठ तास उडाले. आपल्या घड्याळात दुपारचे २ वाजलेले असतील, पण तेथे उतरणारी बाई भिंतीकडे पाहील तर साडेदहाच! साडेतीन तास कोठे हरवले नाहीत; परतीच्या प्रवासात ते वळते होतात. घरात कोणाची मुले परदेशी असतील त्यांनी एवढे करावे, की कागदावर "आपले ९ म्हणजे तेथले किती" असे थंडीचे आणि उन्हाळ्याचे दोन आकडे लिहून फोनजवळ चिकटवावे. म्हणजे लेकीला पहाटे चारला उठवून "जेवलीस का?" असे विचारण्याचा प्रसंग येणार नाही.

मात्र सूर्य माणसांची घड्याळे मानीत नाही. मुंबई आणि तेल अवीव यांच्यामध्ये रेखांशाचे ३८ अंश आहेत. एका अंशाला सूर्य चार मिनिटे घेतो, म्हणजे १५२ मिनिटे, दोन तास बत्तीस मिनिटे. दिवस-रात्र सारखी असण्याच्या सुमारास शुक्रवारी इस्रायल आळीत सूर्यास्ताआधी शब्बाथचे दिवे लागले, की अडीच तासांनी तेच दिवे दिमोनात लागतात. १९८२ सालापासून एल अलची प्रवासी विमानेही शब्बाथला उडत नाहीत. आपल्या गावातला तेलाचा घाणा शनिवारी थांबे, तसे ते विमान थांबते. घाण्याचा बैल गेला, जेट आले, शनिवार राहिला.

भगिनींनो, इतके आकडे मी का सांगितले? तासांचा हिशेब माणसाला कोठे लागतो, ते आपण बायका चांगल्या जाणतो. लग्नाला उशीर झाला तर लोक थांबतात. मृत्यू थांबत नाही. आपल्यात अंत्यसंस्काराची घाई असते, आणि ज्यू धर्मातही दफन शक्य तितक्या लवकर, बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी करतात. इकडे भाऊ गेला आणि तिकडे बहीण आहे, अशी कितीतरी घरे आपल्या जिल्ह्यात होती. थेट विमान नसेल तर तिसऱ्याच देशात उतरून, तासन् तास बसून, दुसरे विमान धरायचे. सहा तासांची वाट दिवसभराची होते, आणि बहिणीला भावाचे तोंड दिसत नाही. आकाशातून दोन तास वाचले ही वर्तमानपत्रातली चार ओळींची बातमी असते. ते दोन तास ज्या घरी हवे होते तेथे विचारा त्यांची किंमत.

आमच्या लहानपणी तर विमानाची गोष्टच दूर होती. निळे हवाई पत्र येई. शेजारच्या मावशी ते वाचून घ्यायला आमच्याकडे येत, कारण त्यांना चष्म्याशिवाय दिसत नसे आणि चष्मा त्या कधी लावीत नसत. पत्रात मुलाबाळांच्या खुशालीखाली एक प्रश्न हमखास असे, "परसातल्या फणसाला यंदा किती लागले?" तेव्हा मला तो प्रश्न साधा वाटे. पुढे कळले की, माणूस गाव सोडतो तेव्हा मोजमाप बरोबर नेतो. कोणी मैलांत मोजतो, कोणी फणसांत.

आता मंडळापुढे एक सूचना ठेवते आणि थांबते. दर वर्षी तिकडून पाहुणे येतात. खंडाळे गावच्या त्या खडकापाशी जातात, जेथे एलियाहू हनवीच्या रथाची खूण उमटली अशी त्यांची श्रद्धा आहे. पोहे, गूळ, खोबरे आणि फळे यांचा मलिदा करतात. सिनेगॉगमध्ये जातात. आणि मग हातात एक आडनाव घेऊन गावात फिरतात. "आम्ही अमुक गावचे, आमचे घर कोठे होते?" आताच्या पिढीला मराठी मोडकीतोडकी येते, काहींना येतही नाही. त्यांना उत्तर कोण देणार? त्यांचे घर, विहीर, घाण्याची जागा ज्यांना ठाऊक आहे, त्या आपल्यातल्या वडीलधाऱ्या बायका आहेत, आणि त्या दर वर्षी कमी होत आहेत. मुंबई-तेल अवीव अंतर उद्या कोणीही आकड्यात सांगेल. या दारापासून त्या विहिरीपर्यंतची पन्नास पावले मात्र आपल्याशिवाय कोणाला सांगता येणार नाहीत.

म्हणून मंडळाने एक वही घालावी. गावागावांतल्या सत्तरीपुढच्या बायकांकडे जाऊन त्यांनी सांगितलेले लिहून घ्यावे: कोणत्या आळीत कोणाचे घर होते, घाणा कोठे होता, सणाला काय करीत, कोणत्या साली कोण गेले. दोन ओळी असतील तर दोन लिहाव्यात. केवळ इस्रायल आळीच्याच कशाला, कुवेत-दुबईला गेलेल्यांच्या आणि मुंबईला गिरणीत गेलेल्यांच्याही लिहाव्यात. मुली लिहून घेतील, आज्या सांगतील. दोघींनाही काम मिळेल. पाहुणे आले की वही काढायची, घर दाखवायचे आणि पाटावर बसवून चहा द्यायचा.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी आपल्याच जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात, नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले. म्हणजे आता आकाशाची वेस रायगडात आली. तेथून कोणत्या देशाची विमाने कधी सुटतील, कोणते आकाश उघडे असेल आणि कोणते बंद, हे आपल्या हाती नाही. विमानतळावरून उतरून नवगावात आलेल्या माणसाला आपले गाव ओळखीचे वाटावे, एवढे मात्र आपल्या हाती आहे. वाटेचा तेवढा शेवटचा तुकडा मंडळाने मोकळा ठेवावा, अशी विनंती करते.